क्लुनीनबॉनच्या नावाची नोटीस

रस्त्याकडेला लावलेली नोटीस कुणी वाचत नाही. कायदा सांगतो लावा, म्हणून लोक लावतात. घर बांधायचं असो की गुरांची शेड, परवानगीच्या अर्जाआधी फाटकाला खुंटी ठोकायची, पांढरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड खाली करायचं म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही, आणि पाच आठवडे तो तिथं तसाच राहील एवढं बघायचं. शेजारच्या वासरांनी चघळला नाही म्हणजे मिळवली. पण वाचायला कुणाला वेळ आहे?

मॅलकी गिलरेनला होता. बहात्तर वर्षांचा हा म्हातारा एकेचाळीस वर्षं आमच्या भागाचा पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावरही त्याची सायकल सुटली नाही. नोटीस दिसली की तो खाली उतरायचा, सायकल कुंपणाला टेकवायचा, चष्मा लावायचा आणि वरच्या कौन्सिलच्या नावापासून खालच्या तारखेपर्यंत सगळं वाचून काढायचा, ओठ हलवत. मग खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचा. काही दिवसांनी कौन्सिलच्या कचेरीत त्या अर्जावर मॅलकी गिलरेनच्या नावानं एक पत्र दाखल झालेलं दिसायचं. अर्जावर कुणीही पत्र देऊ शकतं, वीस युरो भरले की झालं. आता असं पत्र हरकतीशिवाय कशाला कोण देईल? वीस युरो काय झाडाला लागतात? अर्धा परगणा म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडायचा.

पॅकी टान्सी तर दहाही बोटं मोडायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं गुरांच्या शेडसाठी अर्ज केला होता. त्यावर मॅलकीचं पत्र आलं आणि शेड नामंजूर झाली. तेव्हापासून पॅकीनं त्याला बोट दाखवलेलं नव्हतं. आमच्याकडं समोरून गाडी आली, सायकल आली, की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं. ओळख असो नसो, एवढं करायचंच. ज्याला बोट वर केलं नाही तो आपल्यापुरता मेला. पॅकी अकरा वर्षं मॅलकीच्या शेजारून ट्रॅक्टर नेत होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगला डिंकानं चिकटवल्यासारखे ठेवत होता.

त्याची मुलगी रीओना पर्थला नर्स होती. अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात काढून ती परत आली, ती तिथल्या इस्पितळाची वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन. घरी भाऊ, भावजय, त्यांची चार पोरं. रीओना जिन्याखालच्या खोलीत झोपायची आणि पहाटे पोरं तिच्या डोक्यावरून शाळेला धावायची. बापानं तिला रस्त्याच्या वळणावरचं शेत देऊ केलं. "घर बांध आणि राहा, पोरी," तो म्हणाला. "परत गेलीस तर मी काही बघायला उरणार नाही." बाप असलं काही बोलणाऱ्यातला नव्हता. रीओनानं ते ऐकलं आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

अडचण एकच होती. कौन्सिलचा नवा आराखडा यायचा होता आणि त्यात त्या रस्त्याला नवं घर म्हणून बांधू देणार नव्हते. अर्जाचा निकाल जुना आराखडा चालू असताना लागायला हवा होता. निकालाला आठ आठवडे. अर्ज तयार करणाऱ्या इंजिनिअरनं हिशोब मांडून दाखवला, येत्या शुक्रवारी अर्ज दिला तर निकाल नव्या आराखड्याच्या नऊ दिवस आधी लागतो.

"आणि अर्जात काही चूक निघाली तर?" रीओनानं विचारलं.

"तर ते दोन-तीन आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत पाठवतात. पहिल्यापासून सुरुवात."

"मग उशीर होईल."

"उशीर कसला, मग पर्थचं तिकीट काढा," इंजिनिअर म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

बुधवारी साप्ताहिकात नोटीस छापून आली. त्याच दुपारी रीओनानं फाटकावर तीच नोटीस लावली. तिनं शब्दन् शब्द पडताळून पाहिला. मी, रीओना टान्सी, टोबरनागॅट या शिवारात घर, सांडपाण्याची टाकी आणि रस्त्याचं फाटक बांधण्याची परवानगी मागू इच्छिते. आमच्याकडं रस्त्यांना नावं नसतात, पत्ता शिवाराच्या नावानंच चालतो. टोबरनागॅट म्हणजे मांजरांची विहीर. तिच्या पणजोबापासून सगळे त्याच नावाखाली जन्मले, त्याच नावाखाली पुरले गेले. त्या नावात चूक निघेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पाव भाजत होती, तेवढ्यात पॅकी खिडकीतून ओरडला.

"गेलं! गेलं तुझं घर! तो बघ, आलं गिधाड!"

फाटकापाशी सायकल टेकलेली होती आणि मॅलकी गिलरेन चष्मा पुसत होता.

"वाचू दे ना, डॅडी. वाचायलाच लावलीय."

"वाचू दे? माझी शेड वाचली होती त्यानं. वाचून वाचून खाल्ली!"

रीओना अंगावर कोट ओढून बाहेर पडली. मॅलकीचं वाचून संपेपर्यंत ती थांबली. त्याचे ओठ हलत होते. शेवटची तारीख वाचल्यावर त्यानं चष्मा काढला आणि तिच्याकडं पाहिलं.

"पॅकीची पोर ना तू? पर्थची?"

"हो. तुम्हाला काही हरकत घ्यायची असेल तर माझ्या तोंडावर सांगा, मॅलकी. कचेरीत पत्र टाकून नका सांगू."

"हरकत?" म्हातारा गोंधळला. "नाही गं. पण नाव चुकलंय."

"माझं नाव?"

"शिवाराचं. हे टोबरनागॅट नाही."

रीओनाला हसू फुटलं. राग आणि हसू एकत्र आलं की जसं विचित्र होतं तसं. "माझे पणजोबा टोबरनागॅटचे. आजोबा टोबरनागॅटचे. मी या शेतात रांगले."

"तुमचं घर टोबरनागॅटमध्येच आहे. पण हे शेत नाही. हे क्लुनीनबॉन."

हे नाव तिनं आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. आपल्याच दारापासून दोनशे पावलांवरचं नाव, आणि कधीच ऐकलेलं नाही! तिला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. नाहीतर डॅडी म्हणतात तसा खोडसाळ आहे.

"ये," मॅलकी म्हणाला, आणि सायकल तिथंच टाकून रस्त्यानं चालू लागला. वळणाआधी रस्त्याला एक हलकासा उंचवटा होता. गाडीतून जाणाऱ्याला तो कळतही नाही. मॅलकी त्यावर उभा राहिला आणि बुटानं दोनदा ठोकलं. "इथं माझं पुढचं चाक उडी मारायचं. एकेचाळीस वर्षं, दिवसातून दोनदा. पिशवी भरलेली असली की जास्तच. का उडी मारायचं सांग?"

"रस्ता खराब असेल."

"रस्त्याखाली ओढा आहे."

"ओढा तिकडं आहे," रीओनानं शेताच्या पलीकडं बोट केलं.

"तो सरळ केलेला. मी अकरा वर्षांचा असताना मोठमोठी यंत्रं आणून त्यांनी तो तिकडं नेला, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. त्याआधी तो इथून वाहायचा." म्हातारा गुडघ्यावर बसला. बहात्तराव्या वर्षी! त्यानं काटेरी वेलींची जाळी दोन्ही हातांनी बाजूला ओढली. हाताला ओरखडे उठले, तिकडं त्याचं लक्षही नव्हतं. आत दगडी कमान होती. गुडघाभर उंचीची, हातानं रचलेली, शेवाळलेली आणि कोरडी ठणठणीत. रीओना वाकून बघत राहिली. या रस्त्यानं ती शाळेत गेली होती, चुंबनं घेऊन आली होती, विमानतळाला गेली होती. आणि ही कमान तिच्या पायाखाली होती.

"शीव ओढ्यावरून ठरलेली," मॅलकी म्हणाला. "ओढा हलवला, पण शीव कुणी हलवली नाही. ओढ्याच्या अलीकडं टोबरनागॅट, पलीकडं क्लुनीनबॉन. छोटं पांढरं कुरण. पांढरी फुलं यायची तिथं, म्हणून. तुझं शेत पलीकडं येतं."

"मग कुणी तसं म्हणत कसं नाही?"

"म्हणायला तिथं राहतं कोण? तीन घरं होती. शेवटचं डीलिया हारगडनचं. मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तेव्हा म्हातारी गेली. त्यानंतर त्या शिवाराच्या नावानं एकही पत्र आलं नाही. पत्र येत नाही त्या जागेचं नाव कोण घेणार? तुझ्या आजोबानं ते शेत विकत घेतलं आणि त्याचंही टोबरनागॅट करून टाकलं. आता तर काय, सगळे ते सात अक्षरांचे कोड घालतात. पत्र पोचतं, नाव नाही पोचलं तरी चालतं."

रीओनानं दिवस मोजले. उद्या शुक्रवार होता. गठ्ठा बांधून तयार होता.

"तुम्हाला खात्री आहे? नकाशा पाहिलाय?"

"नकाशा नाही पाहिला कधी. पायानं माहितीय." मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "माझं ऐकू नकोस. ग्रंथालयात जुने मोठे नकाशे आहेत. स्वतः बघून ये. आज गुरुवार आहे, साप्ताहिक सोमवारी दुपारपर्यंत मजकूर घेतं. पुढच्या बुधवारी छापून येईल. गुरुवारी अर्ज दे. जमतंय."

"जमतंय," रीओना पुटपुटली. नऊ दिवसांतले सहा जाणार होते. तीन उरत होते.

"आणि कागद पांढराच ठेव. पिवळा कागद त्याच जागेवर सहा महिन्यांत आधी अर्ज झालेला असेल तरच. तुझा अजून झाला नाही. काही हुशार लोक घाबरून पिवळा लावतात आणि त्यावरूनही परत येतं."

ती दुपारी ग्रंथालयात गेली. घरी काही बोलली नाही. तिथल्या बाईनं टेबलभर नकाशा पसरून दिला, दीडशे वर्षांपूर्वी साखळ्यांनी जमीन मोजून काढलेला, प्रत्येक विहीर आणि प्रत्येक कोंबड्यांचं खुराडं दाखवणारा. रीओनानं बोटानं रस्ता पकडला. शाळा, चर्च, टोबरनागॅट. मग रस्त्याला छेदून जाणारी तुटक रेघ, आणि ओढा, अगदी तिथं जिथं म्हाताऱ्यानं बूट आपटला होता. पलीकडं अरुंद जागेत कसंबसं बसवलेलं नाव होतं. क्लुनीनबॉन. आणि तीन छोटे काळे चौकोन. घरं.

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मॅलकीला फोन लावला. "मॅलकी, तुमचा जुना रस्ता सांगा. पोस्टापासून. सगळी शिवारं."

"आता? चहा ठेवलाय मी."

"आता."

म्हातारा सांगू लागला आणि ती नकाशावर बोट सरकवू लागली. लिस्कॉनी, डेरीनवोग, अन्नामोर, त्याच्यामागं जेमतेम दोन शेतांएवढं गॉर्टाबोय. एकही शिवार चुकलं नाही. एकही मागंपुढं झालं नाही. मध्येच तो म्हणायचा, "इथं ब्रेनन, मुलगा बॉस्टनला, पत्र नाताळला," किंवा "इथं आता कुणी नाही." इथं कुणी नाही, हे तो इतक्या वेळा म्हणाला की रीओनानं मोजायचं सोडून दिलं. त्रेचाळीस शिवारं झाली. मोजमाप करणाऱ्या लोकांनी साखळ्या घेऊन वर्षानुवर्षं खपून जे कागदावर उतरवलं होतं, ते या माणसाच्या पायांत होतं आणि ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रंथालयाच्या शांततेत तिच्या अंगावर काटा आला. ती थक्क झाली, अगदी खरोखर थक्क, लहानपणी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाली होती तशी.

"मॅलकी," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही नोटिसा का वाचता?"

"वाचाव्यात म्हणूनच लावतात ना?" पलीकडं किटलीची शिट्टी वाजली. "ठेवतो. चहा उतू जातोय."

घरी आल्यावर तिनं बापाला नकाशाची प्रत दाखवली. पॅकीनं ती दूर धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, उलटी करून पाहिली.

"म्हणजे मी पंचेचाळीस वर्षं क्लुनीनबॉनमध्ये नांगर धरतोय?"

"हो, डॅडी."

"आणि हे त्यानं सांगितलं? तुला?"

"फाटकावरच."

"यात काहीतरी डाव आहे," पॅकी म्हणाला. "तो माणूस फुकटात कुणाचं भलं करणाऱ्यातला नाही. बघ तू."

नवी नोटीस बुधवारी छापून आली. फाटकावरचा कागद बदलला. गुरुवारी अर्ज दाखल झाला. दहा दिवसांनी कौन्सिलचा माणूस जीपमधून आला, नोटिशीचा फोटो काढला, कागदाजवळ नाक नेऊन वाचलं आणि भुवया वर केल्या.

"क्लुनीनबॉन? मी या भागात सोळा वर्षं फिरतोय. कधी ऐकलं नाही." त्यानं मोबाइलवर नकाशा काढला, बोटानं मोठा केला. "अरेच्चा. आहे की! गेल्या महिन्यात सात अर्ज याच कारणानं परत केले. लोक घरचा पत्ता लिहून मोकळे होतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोस्टमननं," रीओना म्हणाली.

तो गेला आणि तिनं फाटकावरची नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. टोबरनागॅट लिहून अर्ज गेला असता तर आत्ता, या क्षणी, हा माणूस कागदावर फुली मारून गेला असता.

पण गोष्ट इथं संपली असती तर ती मॅलकी गिलरेनची गोष्ट झाली नसती. चौथ्या आठवड्यात रीओनानं कौन्सिलची वेबसाइट उघडली. तिच्या अर्जासमोर एक नवी ओळ आली होती. पत्र दाखल: एम. गिलरेन. पत्रात काय आहे ते स्कॅन व्हायला अजून आठवडा लागणार होता. समोर फक्त नाव होतं.

पॅकी मागून वाचत होता. तो ओरडलासुद्धा नाही, आणि तेच वाईट होतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सांगितलं होतं मी तुला, पोरी. आधी तुझ्या हातून नोटीस नीट करून घेतली, आता नीट हरकत घेतली."

"तसं नसेल."

"मग कसं असेल? वीस युरो भरून तो तुला शुभेच्छा देतोय?"

खरं सांगायचं तर रीओनाचाही धीर सुटला. त्या माणसावर विश्वास ठेवताना आपण किती भोळेपणा केला, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा राग आला. तिनं गाडीची किल्ली घेतली आणि तासाभराचं अंतर कापून थेट कचेरी गाठली. कौन्सिलच्या खिडकीपाशी फिडेल्मा नावाची चष्मेवाली बाई होती. रीओनानं अर्जाचा नंबर सांगितला आणि म्हणाली, "त्यावर एक पत्र आलंय. मला वाचायचंय."

"मॅलकीचं?" फिडेल्मा हसली. "देवा रे. शेवटी कुणीतरी वाचायला आलं!"

"म्हणजे?"

"बारा वर्षांत दोनशेच्या वर पत्रं दिली असतील त्यांनी. आम्ही दाखल करतो, पोच देतो. लोक यादीत नाव बघतात, शिव्या घालतात, पण उघडून बघायला इथवर कुणी येत नाही. स्कॅन होईपर्यंत त्यांचं मत ठरलेलं असतं." तिनं फाइल काढली आणि खिडकीतून सरकवली. "बसा तिथं. रुमाल आहे ना जवळ?"

रेघांच्या वहीतला कागद होता. अक्षर टपोरं, पत्त्यावर लिहितात तसं, प्रत्येक ओळ वेगळी. त्यात लिहिलं होतं:

'माझी या घराला हरकत नाही. मी या भागाचा पोस्टमन होतो. क्लुनीनबॉन या शिवाराच्या नावानं शेवटचं पत्र मी दिलं ते श्रीमती डीलिया हारगडन यांना, सतरा मार्च रोजी द्यायला हवं होतं पण सणाची सुट्टी होती म्हणून अठराला. दार कुणी उघडलं नाही. मी पत्र दारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथंच होतं, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. त्या गोष्टीला एकोणपन्नास वर्षं झाली. तेव्हापासून या शिवारात दार नाही. आता एक होणार आहे असं नोटिशीत वाचलं. परवानगी दिलीत तर पत्त्यात क्लुनीनबॉन लिहावं, टोबरनागॅट लिहू नये, एवढी विनंती. मुलगी चांगली आहे. ती परत आली आहे. आपला, मॅलकी गिलरेन.'

रीओनानं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिचे ओठ हलत होते. तिला एकदम ती ग्रंथालयातली दुपार आठवली. इथं कुणी नाही, इथं कुणी नाही. ज्या माणसानं एकेचाळीस वर्षं एकेक दार बंद होताना पाहिलं, त्याला ही नोटीस म्हणजे काय वाटत असेल! लोक खुंटीवर जबरदस्तीचा कागद बघत होते आणि तो दार उघडताना बघत होता.

"सगळी अशीच असतात?" तिनं विचारलं.

"सगळी. कुणाच्या घरात पूर्वी कोण होतं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, शिवाराचं स्पेलिंग. एका वर्षी मी त्यांना म्हटलं, मॅलकी, लोकांना सांगा ना तुम्ही काय लिहिता ते. तर म्हणाले, पोस्टमन पत्रातलं बोलत नाही."

रीओना जायला निघाली, आणि दारातून परत फिरली. "अकरा वर्षांपूर्वीची फाइल मिळेल? पॅकी टान्सी. गुरांची शेड."

फिडेल्माला तळघरात जावं लागलं.

त्या संध्याकाळी पॅकी चुलीपाशी बसला होता. रीओनानं दुसऱ्या पत्राची प्रत त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि बटाटे सोलायला बसली. पत्र आखूड होतं. 'अर्जात शिवाराच्या नावातलं एक अक्षर चुकलं आहे. त्या कारणानं अर्ज नाकारू नये. माणूस सरळ आहे, त्याची गुरं हिवाळ्यात उघड्यावर असतात, त्याला शेडची गरज आहे.' शेड का नामंजूर झाली ते खाली कौन्सिलच्या टाइप केलेल्या शेऱ्यात होतं. विहीर फार जवळ होती. त्यात मॅलकीचं नावही नव्हतं.

पॅकीनं वाचलं. मग घडी केली. मग उघडून पुन्हा वाचलं.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

"बटाटे जास्त जाड सोलतेस तू," पॅकी म्हणाला. "ऑस्ट्रेलियाची खोड." आणि उठून बाहेर गोठ्याकडं गेला, तिथं काही काम नसताना.

दुसऱ्या दिवशी रीओना ट्रॅक्टरवर बापाशेजारी बसून चारा आणायला निघाली होती. वळणाच्या अलीकडं समोरून सायकल आली. पॅकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. रीओना बघत होती. उंचवट्यावर मॅलकीच्या पुढच्या चाकानं हलकीशी उडी मारली, आणि पॅकीचं उजवं बोट वर आलं. नुसतं एक बोट, फार तर दोन इंच. सायकल डगमगली. म्हातारा जवळजवळ खंदकातच गेला होता. मग त्यानं हॅंडलवरून एक बोट उचललं आणि पुढं गेला.

"पडला असता ना तो," रीओना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"त्याला सायकल चालवता येत नाही," पॅकी म्हणाला. "कधीच येत नव्हती."

नव्या आराखड्याच्या तीन दिवस आधी मंजुरी आली. पत्त्याच्या जागी क्लुनीनबॉन होतं. त्याच दिवशी रीओनानं पर्थच्या इस्पितळाला राजीनामा पाठवला. मग ती शेतात गेली, फाटकावरची नोटीस काढली, पिशवीतून सोडवली आणि घडी करून एका लिफाफ्यात घातली. सोबत फक्त एक ओळ लिहिली. समोर मॅलकीचा पत्ता. लिफाफा उलटा करून तिनं मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: प्रेषक, रीओना टान्सी, क्लुनीनबॉन. घर अजून चार खुंट्या आणि दोरीएवढंच होतं, पण कायद्यानं आता तो पत्ता होता. ती पोस्टात गेली आणि सहीनिशी पोचणारं रजिस्टर पत्र करून आली.

आमच्या भागाला आता बर्नी नावाची पोरगी पोस्टात आहे, हिरव्या गाडीतून पत्रं टाकते. दोन दिवसांनी तिनं फाटकापाशी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"काय पाठवलं होतंस गं त्या म्हाताऱ्याला?"

"का? दिलं ना?"

"दिलं. पण त्यानं उघडलंच नाही. लिफाफा उलटा करून मागची बाजू वाचत बसला, दारात उभ्याउभ्या. ओठ हलत होते. मी म्हटलं, मॅलकी, इथं सही करा. ऐकूच येईना. दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. शेवटी पेन मीच त्याच्या हातात दिलं."

"मग केली सही?"

"केली. पण हात इतका थरथरत होता की नाव वाचता येत नाही," बर्नी म्हणाली, आणि पुढच्या घराकडं निघून गेली.